बेंचवरचा लेक आणि जानेवारीतले पंधरा दिवस

"आम्ही डॅलसजवळ राहतो. आमचा धाकटा शेजारच्या राज्यातल्या एका विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, खेळतो, पूर्ण स्कॉलरशिपवर. हे त्याचं दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी रेडशर्ट होता, म्हणजे न खेळवता वर्ष राखून ठेवलं होतं, तेव्हा आम्ही काही बोललो नाही. यंदा बारा सामने झाले, पण किकऑफला, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकमागे, धावण्यापलीकडे त्याला मैदानात उतरवलेलं नाही. कोच म्हणतात, प्रॅक्टिसमध्ये जोर दिसत नाही. तो म्हणतो, 'आई, जोर लावून उपयोग काय? माझ्या जागेवर त्यांनी पोर्टलमधून पैसे मोजून मुलगा आणलाय.' आता त्यालाच पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, जायचंय. कुणी एजंट फोन करतो, तीन विद्यापीठं तयार आहेत म्हणतो. ह्यांचा पारा चढलाय. हे दादरला क्लब क्रिकेट खेळलेले. म्हणतात, 'अमोल मुझुमदार बघ, आयुष्यभर वाट बघितली पण टाकून पळाला नाही.' बापलेकांचं बोलणं बंद आहे. मी कोचना एक सविस्तर ईमेल लिहून ठेवलाय. पाठवू का? नाताळात तो घरी येतोय, तेव्हा विषय काढू की नको?"
– म. दे., टेक्सास (डिसेंबर २०२५)

ताई,

तो ईमेल आधी डिलीट करा, मग पुढचं वाचा.

तुमचा हेतू चांगला आहे, ईमेल नम्रही असेल. पण वीस वर्षांच्या खेळाडूच्या आईचं पत्र कोचच्या हातात पडलं, की त्यातला मजकूर बाजूला राहतो आणि 'हा स्वतः येऊन बोलू शकत नाही' एवढंच लक्षात राहतं. सेफ्टी म्हणजे बचावाची शेवटची फळी. आपल्या पुढच्या दहा जणांना ओरडून जागा बदलायला लावणं हे त्याचं काम. त्याच्या वतीने आईने बोलणं त्याला सगळ्यात महागात पडतं. शिवाय इथली विद्यापीठं सज्ञान विद्यार्थ्याबद्दल पालकांशी फारसं बोलतही नाहीत, हे तुम्हाला त्याच्या मार्कांच्या वेळी कळलंच असेल.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या घरात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. प्रॅक्टिसमध्ये तो खरंच जीव तोडून खेळतोय का, हा एक. राहायचं की जायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर द्यायला नको म्हणून तो दुसऱ्यावर बोलतोय. आणि त्याचे बाबाही दुसऱ्यावरच तापलेत, कारण पहिल्याबद्दल त्यांना माहितीच नाही. त्यांनी एक तरी प्रॅक्टिस पाहिली आहे का? बहुतेक संघ बघूही देत नाहीत. मी बरीच वर्षं एका विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासाची आणि क्रेडिटची गणितं जुळवायचं काम केलं. त्यामुळे आतलं जे माहीत आहे ते सांगते.

'जोर दिसत नाही' हे कोचचं हवेतलं मत नसतं. प्रॅक्टिसचा प्रत्येक डाव दोन बाजूंनी चित्रित होतो, एक कॅमेरा बाजूच्या रेषेवर उंच आणि एक मैदानाच्या टोकाला. अनेक संघांत खेळाडूच्या जर्सीखाली जीपीएसची बनियन असते, त्यात त्याचा वेग आणि अंतर नोंदलं जातं. मग त्या जागेचा कोच रात्री फिल्म लावून बसतो आणि प्रत्येकाचे 'लोफ' मोजतो. लोफ म्हणजे आळस केलेला डाव. बॉल पलीकडच्या बाजूला गेला म्हणून वेग कमी केला, तर लोफ. आपल्यापेक्षा जड, हळू मुलगा आपल्याला ओलांडून बॉलपर्यंत पोचला, तर लोफ. पडल्यावर उठायला वेळ लावला, तर लोफ. अडवण्याची संधी असताना जरा अंग चोरलं, तर मोठा लोफ.

एक डाव डोळ्यासमोर आणा. मंगळवारची दुपार, अंगात पूर्ण पॅड. समोरच्यांनी बॉल उजव्या बाजूने पळवला, तुमचा लेक डावीकडे उभा. बॉलपासून तीस यार्डांवर. तिथे कुणीतरी त्या पळणाऱ्याला पाडणारच आहे, हे त्याला दिसतंय. तो पंचवीस यार्ड नीट धावतो आणि शेवटच्या पाच यार्डांत दोन पावलं आखडतो. टीव्हीवर तुम्हाआम्हाला हे कधी दिसणार नाही. टोकाच्या कॅमेऱ्यात मात्र लख्ख दिसतं, कारण बाकीचे दहा जण एका ठिपक्याकडे येताना दिसतात आणि एक जण चालत. सेफ्टीच्या बाबतीत कोच याच दोन पावलांवर अडून बसतो. कधीतरी पहिल्या माणसाचा पाडायचा प्रयत्न चुकतो. त्या एका वेळी सेफ्टी तिथे नसला, तर थेट टचडाउन, म्हणजे समोरच्यांना गुण.

त्यात तुमचा मुलगा दुसऱ्या वर्षात आणि पहिल्या फळीत नाही, म्हणजे आठवड्यातला बराच वेळ तो स्काउट टीमवर असणार. पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी सामना आहे त्यांची नक्कल करायची, म्हणजे आपल्या पहिल्या फळीला सराव मिळतो. एक तरुण सहायक कोच हातात चित्रांचे कार्ड धरून उभा राहतो, 'तू इथे उभा राहा, असा धाव' म्हणून सांगतो, आणि आपल्याच संघातले सगळ्यात चांगले खेळाडू येऊन आपल्याला आपटून जातात. आठवडाभर हे करायचं आणि शनिवारी बाजूला उभं राहायचं. यात उत्साह टिकवणं सोपं नाही, हे मी मनापासून मान्य करते. पण पहिल्या फळीतल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चढाईचे डाव चालवणाऱ्या खेळाडूला, रोज सतावणारा स्काउट टीमचा सेफ्टी कोचच्या डोळ्यांत भरतोच. तुमच्या लेकाला लोफ किती पडले, हे त्याच्या कोचकडे आकड्यांत आहे. त्याने ते विचारले आहेत का? माझी शंका आहे, नसतील विचारले.

आता त्याची बाजू. कारण 'जीव ओत, संधी मिळेल' एवढं सांगून मी त्याला वाटेला लावणार नाही. तो म्हणतो त्यात तथ्य आहे.

आपण इथे आलो तेव्हाचा कॉलेज फुटबॉल आता उरलेला नाही. ट्रान्सफर पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालं. तोवर विद्यापीठ बदललं की फुटबॉलमध्ये साधारणपणे एक वर्ष घरी बसावं लागे. २०२१ मध्ये पहिल्या बदलीसाठी ती अट गेली, आणि २०२४ मध्ये अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदला, लगेच खेळा, असं झालं. मधल्या काळात १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा मिळाली. आणि जून २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सगळ्या खेळांची मिळून मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, आणि त्यातला मोठा वाटा बहुतेक ठिकाणी फुटबॉलला. त्याच तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत फुटबॉल संघातल्या खेळाडूंची मर्यादा १०५ वर आली.

म्हणजे व्यवहार असा: ज्याच्यावर पैसे लावलेत, त्याला पहिली संधी मिळणार. कोचला अॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखाला, उत्तर द्यायचं असतं. तुमच्या लेकाने एकही लोफ दिला नाही, तरी तो मुलगा सप्टेंबरमध्ये पुढे असेल, हे शक्य आहे. प्रॅक्टिस न्याय्य असते असं मी म्हणत नाही. पण दुखापत, थकवा, दोन सामन्यांत उडालेला बोजवारा, यांतलं काही झालं की पुढचं नाव कुणाचं घ्यायचं, ते प्रॅक्टिसच्या फिल्मवरून ठरतं. त्यावर तरी त्याचा हात आहे.

तुमच्या ह्यांना आता मुझुमदारांबद्दल. उदाहरण मोठ्या मनाचं दिलंय, फक्त अर्धं दिलंय. शारदाश्रमच्या त्या १९८८ च्या सामन्यात सचिन आणि विनोद ६६४ धावांची भागीदारी करत होते आणि मुझुमदार पॅड बांधून बसून राहिले, हे आपल्याकडे पोराटोरांना पाठ आहे. पुढे रणजी पदार्पणात २६० काढूनही भारताची टोपी मिळाली नाही, तेही खरं. पण २००९ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. आसामकडून खेळले, मग आंध्रकडून. कुणी त्यांना पळपुटा म्हणालं का? आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हा कोच कोण होतं, हे ह्यांना मी सांगायला नको. तेव्हा घराण्याचा मान वगैरे मध्ये आणू नका. कोच स्वतः जास्त पगाराची नोकरी मिळाली की हंगाम संपायच्या आत सामान बांधतात. वीस वर्षांच्या पोराकडूनच निष्ठेची अपेक्षा का?

तेव्हा जाणं वाईट नाही. माझी हरकत आहे ती या घडीला, या कारणाने आणि त्या एजंटच्या भरवशावर जायला.

पोर्टलची पहिली गोष्ट, जी मुलांना कुणी नीट सांगत नाही: नाव टाकलं की आहे ती स्कॉलरशिप ते सत्र संपल्यावर काढून घेण्याचा विद्यापीठाला अधिकार असतो. नंतर नाव मागे घेता येतं, पण जुन्या संघाने परत घेतलंच पाहिजे असं काही नाही. विरार लोकलमध्ये मिळालेली बसायची जागा सोडून, पुढच्या डब्यात रिकामी आहे असं कुणीतरी म्हणालं म्हणून उठण्यातला प्रकार आहे हा. दर वर्षी हजारो मुलं उठतात, आणि सगळ्यांना जागा मिळत नाही.

दुसरी: नवे कोच त्याच्याबद्दल काय पाहणार? सामन्यातली फिल्म. त्याच्याकडे आहे फक्त किकऑफची. ती पाहून झाली की ते तुमच्या संघातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावतात, 'पोरगा कसा आहे रे?' या धंद्यात सगळे एकमेकांचे जुने सहकारी असतात. म्हणजे ज्या प्रॅक्टिसपासून तो सुटू पाहतोय, ती त्याच्या आधी नव्या गावी पोचलेली असेल.

आणि त्या किकऑफला तुम्ही दोघं 'नुसतं धावणं' समजू नका. पस्तीस यार्डांच्या रेषेवरून बॉल उडतो, आणि पलीकडून अंगावर येणाऱ्यांना चुकवत जवळजवळ अख्खं मैदान जिवाच्या आकांताने कापायचं असतं. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, कितीतरी सेफ्टी पहिली दोन वर्षं याच कामावर नोकरी टिकवतात. बारा सामने त्याने हे केलं असेल, तर कोचने त्याला टाकून दिलेलं नाही.

रेडशर्टचं गणितही घालून बघा. पाच वर्षांत चार हंगाम, हा २०२५ च्या हंगामाचा नियम. पहिलं वर्ष चार किंवा कमी सामन्यांमुळे वाचलं असेल, तर ते मोजलेलं नाही. यंदाचं मोजलं गेलं, कारण एका किकऑफला उतरलं तरी तो सामना धरतात. म्हणजे तीन हंगाम शिल्लक आहेत. गाडी सुटलेली नाही.

एजंटबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. पोर्टलमध्ये नाव यायच्या आधी दुसऱ्या विद्यापीठाने त्याच्याशी बोलणी करणं नियमात बसत नाही, म्हणूनच ती अशा मधल्या माणसांमार्फत होतात. 'तीन विद्यापीठं तयार आहेत' याचा अर्थ अनेकदा एवढाच, की एका सहायक कोचने 'नाव आलं तर बघू' म्हटलंय. तयार आहेत तर कोणती, तिथे सेफ्टीच्या किती जागा रिकाम्या होताहेत, आणि तो माणूस किती टक्के घेणार, हे तीन प्रश्न लेकाने त्याला मेसेजवर लिहून विचारावेत. उत्तर लेखी आलं नाही तर फोन उचलू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये नेवाडा विद्यापीठाच्या लास वेगसमधल्या संघाचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लूका, संघ तिन्ही सामने जिंकलेला असताना, खेळणं थांबवून निघून गेला. त्याच्या बाजूचं म्हणणं, एका सहायक कोचने १ लाख डॉलर तोंडी कबूल केले होते. विद्यापीठाने ते मान्य केलं नाही. खरं काय ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण हे पहिल्या फळीतल्या क्वार्टरबॅकच्या बाबतीत होतं, तर तुमच्या मुलाला तोंडी शब्दावर कोण काय देणार आहे?

आणि आता माझा आवडता विषय, जो ऐकून मुलं डोळे फिरवतात: क्रेडिट. तो कोणता मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, करतोय हे तुम्ही लिहिलेलं नाही. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचे ४० टक्के पुरे झालेले असावे लागतात, चौथ्याला ६०, पाचव्याला ८०. नाहीतर खेळायलाच मिळत नाही. आणि हे टक्के मोजतात नव्या विद्यापीठातल्या पदवीचे. इंजिनीअरिंगच्या मुलाचे निम्मे कोर्स नव्या ठिकाणी त्या पदवीत बसत नाहीत, मग त्याला जिथे आकडा जुळतो त्या कुठल्याशा मेजरमध्ये ढकलतात. हे मी माझ्या टेबलावर इतक्या वेळा पाहिलंय, की मुलगा 'ट्रान्सफर' म्हणाला की माझं पहिलं वाक्य 'ट्रान्सक्रिप्ट दाखव' हे असायचं. दोन बदल्या झाल्या की पदवीचा मेळ लागता लागत नाही.

ज्यांच्या बदल्यांच्या कथा मुलं एकमेकांना सांगतात, त्यांत हा भाग गळालेला असतो. क्वार्टरबॅक जो बरो ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षं मागेच राहिला. पण २०१८ मध्ये तो एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेटला, गेला तो पदवी घेऊन. पुढच्या वर्षी कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी आणि अपराजित हंगाम. अलाबामाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स, त्याला तर ८ जानेवारी २०१८ ला, राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात, मध्यंतरानंतर बाकावर बसवलं. सगळ्या देशादेखत. तो तडक निघून गेला असता तर कुणी दोष दिला नसता. पण तो वर्षभर अलाबामात दुसऱ्या नंबरवर राहिला, १ डिसेंबरला पहिल्या नंबरचा टुआ टॅगोवायलोआ दुखापतीने बाहेर गेल्यावर उतरला आणि जॉर्जियाविरुद्धचा सामना फिरवला. त्याच महिन्यात पदवी घेतली आणि मग ओक्लाहोमाला गेला. दोघंही गेलेच, ह्यांना हेही वाचून दाखवा. फक्त दोघांनी जाण्याआधी पदवी पदरात पाडून घेतली होती. हर्ट्सच्या बाबतीत तर ते मधलं वर्षच त्याची शिफारस झालं.

आता वेळेचं बघा, कारण यंदा नियम बदललाय. पूर्वी हिवाळ्यात एक आणि एप्रिलमध्ये एक अशी पोर्टलची दोन दारं उघडत. वसंतातल्या पंधरा प्रॅक्टिस करून, कुठे उभे आहोत ते पाहून, मुलं एप्रिलमध्ये ठरवायची. ते एप्रिलचं दार आता बंद आहे. एकच मुदत, २ ते १६ जानेवारी २०२६. मुख्य कोच बदलला तर वेगळी मुदत मिळते, तेवढा अपवाद. त्यामुळे तो आत्ता राहिला, तर पुढच्या जानेवारीपर्यंत राहिला. याने घाबरायला होतं, मला कळतं. पण याची दुसरी बाजू त्याच्या फायद्याची आहे. एप्रिलमध्ये कोचलाही आता पोर्टलमधून नवा सेफ्टी सहजासहजी आणता येणार नाही. जानेवारीअखेर जे सेफ्टी संघात असतील, बहुतेक त्यांच्यातच वसंताची चढाओढ होईल. तेव्हा त्याने नाताळआधी कोचला भेटून विचारायचं ते हेच: या जानेवारीत तुम्ही आणखी सेफ्टी आणताय का? वसंतात मी कितव्या नंबरवर सुरुवात करेन? माझे लोफ किती, आणि कोणत्या प्रकारचे? भेट त्या जागेच्या कोचशी, समोरासमोर, फिल्म लावून. 'मला का खेळवत नाही' हा प्रश्न विचारायचा नाही. त्याचं उत्तर कोच झोपेतही देतात आणि त्यात काही नसतं.

उत्तर 'दोन आणतोय, तू पाचवा' असं आलं, तर मी त्याच्या बाजूने आहे. खुशाल जावं. एक पायरी खालच्या संघात, जिथे त्याचे क्रेडिट बसतात आणि तो पहिल्या फळीत खेळू शकतो, तिथे जाण्यात कमीपणा नाही. उत्तर 'आणत नाही, तू तिसरा, पण लोफ फार' असं आलं, तर त्याने राहावं आणि पंधरा प्रॅक्टिसमध्ये तो आकडा शून्यावर आणावा. आणि कोच गोलमोल बोलला, नजर चुकवली, तर तेही उत्तरच आहे. १०५ च्या यादीतून नाव गळण्याआधी स्वतः बाहेर पडलेलं बरं.

नाताळात विषय काढायचा का, विचारलंत. पोर्टलचा काढू नका. त्याच्या लॅपटॉपवर वा आयपॅडवर प्रॅक्टिसची फिल्म असते. ह्यांनाच त्याला म्हणू द्या, 'मला तुझं काही कळत नाही, दोन-चार डाव दाखव.' स्लिप फिल्डरने पाय कसे हलवावेत यावर तासभर बोलणाऱ्या माणसाला पोराच्या पायांतली ती आखडलेली दोन पावलं दिसतील. दिसल्यावर मात्र त्यांनी गप्प बसायचं, ही तेवढी अट घाला. लेक आपणहून म्हणाला 'इथे मी थांबलो', तर पहिल्या प्रश्नाचं काम झालं. मग दुसऱ्यावर जेवताना बोला.

निर्णय जाण्याचा झाला, तर विद्यापीठात खेळाचे नियम पाहणाऱ्या कंप्लायन्स ऑफिसला त्याने स्वतः लिहायचं, तुम्ही नाही आणि एजंटने तर नाहीच. विद्यापीठाला दोन कामकाजाच्या दिवसांत नाव चढवावं लागतं. त्याआधी अकॅडेमिक अॅडव्हायझरकडून त्या तिन्ही विद्यापीठांसाठी क्रेडिटचा हिशेब मागून घ्या. नाताळच्या सुट्टीत ती ऑफिसं बंद असतात, म्हणून अर्ज या आठवड्यातच टाकायला सांगा.